माथ्याचा रंग आणि ढगाचा जोर

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी झोडपून काढली. द्राक्षबागा आणि डाळिंबाच्या बागा उघड्या पडल्या. एखाद्या दिवसाची गारपीट आपल्याला नवी नाही. ती दिवसामागून दिवस, जिल्ह्यामागून जिल्ह्यात होत राहिली, हे वेगळे होते. अवकाळीचा हंगाम पुन्हा जवळ येत असताना नाऊकास्टच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या वाचकांपुढे त्या पंधरवड्यावरून निघालेला एक प्रश्न ठेवतो: अवरक्त चित्राच्या रंगपट्टीवरून असा ढग ओळखू येतो का? आमचे उत्तर आहे, एकट्या रंगपट्टीवरून नाही. तिच्यावर विसंबण्याची सवय मोडायलाच हवी.

रंग सांगतो ते फक्त माथ्याचे तापमान. उणे ६० अंशांना लाल, उणे ७० ला जांभळा, हे आपण ठरवले आहे. माथा किती थंड होणार हे ढग किती उंच चढू शकतो आणि त्या उंचीवरची हवा मुळात किती थंड आहे यावर अवलंबून असते. जुलैत बंगालच्या उपसागरावर बाष्पाला तोटा नाही. तिथला ढग पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत जातो, त्याचे छत शेकडो किलोमीटर पसरते, सगळे चित्र जांभळे होते आणि खाली बहुतेक ठिकाणी संथ पाऊस पडत राहतो. फेब्रुवारीतल्या मराठवाड्यावर तेवढे बाष्प नसते. पश्चिमी प्रक्षोभाची द्रोणी दक्षिणेकडे उतरते, मधल्या थरात थंड हवा शिरते, वर जेट प्रवाह असतो. ढग कमी उंचीवर अडतो आणि त्याचा माथा उपसागरावरच्या ढगापेक्षा उबदार राहू शकतो. पण पोटातला ऊर्ध्वप्रवाह जोरकस असतो, आणि पावसाळ्यात पाच-साडेपाच किलोमीटरवर असणारी शून्य अंशाची पातळी बरीच खाली आलेली असते. खाली येताना गारेला वितळायला वेळच मिळत नाही. दोन्ही ऋतूंना एकच रंगपट्टी लावली की पहिला ढग भयंकर ठरतो आणि दुसरा किरकोळ.

याला मोजमापाचा आधार आहे. १९९७ मध्ये सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहावर पावसाचे रडार होते. त्याच्या नोंदींवरून एडवर्ड झिप्सर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, जगात सर्वाधिक पाऊस पडणारे प्रदेश आणि सर्वाधिक जोरकस गडगडाटी वादळांचे प्रदेश बहुतेक वेळा वेगळे असतात. पुढच्याच वर्षी रॉबर्ट हाउझ आणि सहकाऱ्यांनी मोसमी काळातल्या दक्षिण आशियासाठी तेच चित्र मांडले: उंच, तीव्र गाभ्यांचे ढग वायव्येला, हिमालयाच्या पायथ्याच्या कोपऱ्यात, उपसागरावर मात्र पसरट थरांचा पाऊस. २९ डिसेंबर २०१८ रोजी प्रशांत महासागरात, नाउरूच्या परिसरात, एका ढगाचा माथा उणे १११ अंश मोजला गेला. एवढ्या थंडीत ढगाच्या जोराबरोबरच उष्ण कटिबंधातल्या उंच आणि त्या महिन्यांत विशेष थंड असणाऱ्या तपस्तब्धीचाही वाटा असतो. हा दुसरा वाटा वजा केल्याशिवाय तापमानाचा आकडा वाचू नये. त्यासाठी सकाळच्या रेडिओसाँडचा आलेख चित्राशेजारी उघडा हवा. समतोल पातळी कुठे आहे, तिथले तापमान किती आहे हे लिहून ठेवले की दुपारच्या ढगाचा माथा त्याच्या किती वर गेला, एवढाच प्रश्न उरतो.

मग पाहायचे काय? आधी माथ्याचा आकार. ऊर्ध्वप्रवाह समतोल पातळी फोडून वर घुसला की ऐरणीवर एक टेंगूळ उठते. दृश्य चित्रात, सूर्य कलल्यावर, त्याची सावली पूर्वेकडे पडते. आपली बहुतेक वादळे दुपारनंतरची असल्यामुळे ही सोय आपल्याला आयती मिळते. इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस यांच्या दृश्य चित्रात एक किलोमीटरचा तपशील दिसतो, अवरक्त चित्रात चार किलोमीटरचा. टेंगूळ बरेचदा इतके लहान असते की अवरक्त चित्रात त्याची थंडी शेजारच्या उबेत मिसळून जाते. दिवस असेपर्यंत दृश्य चित्र बाजूला सारून रंगीत अवरक्त चित्राकडे धावण्याचे काही कारण नाही.

वरचे वारे जोरदार असतील तर ऊर्ध्वप्रवाह त्यांच्या आड येतो. थंड भाग इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा पसरतो आणि त्याच्या कुशीत, वाऱ्याच्या दिशेने, उबदार ठिपका दिसतो. डोनाल्ड मॅकॅन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वादळांवरून ही खूण तीव्र हवामानाशी जोडली. याच जातीची आणखी बोलकी खूण म्हणजे ऐरणीच्याही वर तरंगणारा सिरसचा पिसारा. क्रिस्टोफर बेडका आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात हा पिसारा असलेली वादळे इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक घातक आढळली, आणि पिसारा तीव्र हवामानाच्या सरासरी अर्धा तास आधी दिसत होता. हा पिसारा स्थितांबराच्या हवेत असतो, म्हणून पुष्कळदा भोवतालच्या ऐरणीपेक्षा उबदार दिसतो. सर्वांत घातक ढगावर नेमका सौम्य रंग चढतो तो असा. आपल्याकडे या खुणा शोधायच्या त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेट प्रवाह डोक्यावर असताना. मे महिन्यात वरचे वारे मंदावल्यावर वळवाच्या ढगात यू शोधत बसण्यात वेळ जाईल.

दिवसा ३.९ मायक्रॉनच्या पट्ट्याकडेही लक्ष द्यावे. जोरकस प्रवाहात थेंबांना वाढायला वेळ मिळत नाही, माथ्यावर बारीक हिमकण पोहोचतात आणि ते सूर्यप्रकाश अधिक परावर्तित करतात. माथा थंड होण्याचा वेगही महत्त्वाचा. १५ मिनिटांत ८ अंश हा निकष कोलोराडोतल्या वादळांवरून आला आहे. दख्खनच्या पठारावर तो किती चालतो हे आपल्यालाच तपासावे लागेल.

उपग्रहाला काय दिसत नाही, हेही तितकेच ठामपणे सांगायला हवे. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आले, घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. मे महिन्यातल्या अशा वादळांत ढगाचा तळ उंच असतो, खालची हवा कोरडी. पडणारा पाऊस वाटेतच आटतो, हवा थंड आणि जड होऊन खाली आदळते आणि जमिनीलगत चहूकडे फेकली जाते. हा सगळा खेळ ऐरणीच्या खाली चालतो. ऐरण पसरण्यापूर्वी कमानीसारखी ढगांची रेघ किंवा धुळीची कडा दिसली तर ती सोडू नये, १०.८ आणि १२ मायक्रॉनमधल्या फरकातही धूळ कधी कधी उमटते. पण वाऱ्याच्या इशाऱ्यासाठी भिस्त डॉपलर रडार, विमानतळांची निरीक्षणे आणि विजेच्या नोंदी यांच्यावरच ठेवावी. विजांचा दर एकाएकी वाढला तर पुढचा चित्रसंच येण्याची वाट पाहू नये. दोन्ही इन्सॅट मिळूनही तो १५ मिनिटांनी येतो.

उलट, रडारपासून दोनशे किलोमीटरवर अर्ध्या अंशाचा झोत जमिनीपासून चार किलोमीटर वर गेलेला असतो. अशा गावांसाठी उपग्रहच आधार. तिथे पॅरालॅक्सचे भान हवे. पंधरा किलोमीटर उंच माथा इन्सॅटच्या चित्रात सहाएक किलोमीटर उत्तरेला सरकतो. हिमावारी आपल्याकडे इतक्या तिरक्या नजरेने पाहतो की तोच माथा पन्नास-साठ किलोमीटर पश्चिमेला दिसतो. त्या चित्रावरून तालुक्याचे नाव घेऊन इशारा देणे म्हणजे भलत्याच तालुक्याला घाबरवणे.

या सगळ्या खुणा परदेशातल्या वादळांवर पारखलेल्या आहेत. आपल्या वादळांवर त्या पारखायच्या तर चित्रांची अडचण नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राच्या मोसडॅक संग्रहात इन्सॅटची जुनी चित्रे मिळतात. अडचण जमिनीवरच्या नोंदींची आहे. पंचनाम्यात बाधित क्षेत्र असते, पीक असते. गार किती वाजता पडली हे बहुधा नसते. अर्ध्या तासात ढग पुढच्या तालुक्यात गेलेला असतो, त्यामुळे वेळ नसलेली नोंद कोणत्याही चित्राला जोडता येत नाही. कृषी हवामान केंद्रांतले, साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांतले, द्राक्ष बागायतदारांच्या गटांतले अनेक जण हे मासिक वाचतात. येत्या हंगामात त्यांनी प्रत्येक गारपिटीची चार ओळींची नोंद आमच्याकडे पाठवावी: गाव, सुरू झाल्याची आणि थांबल्याची घड्याळी वेळ, सर्वांत मोठ्या गारेचा पट्टीने मोजलेला व्यास, आणि वारा गारेच्या आधी आला की नंतर. गार पडली नाही पण ढग भयंकर दिसला, अशीही नोंद आम्हाला तितकीच हवी आहे. आलेल्या नोंदी त्या-त्या वेळच्या उपग्रहचित्रांशेजारी आम्ही छापू.