फोल्डरची किल्ली कोणाकडे?

मागच्या रमजानमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. वर्गात रोज 'आधी नीट वाचा, मग लिहा' म्हणणारी मी, त्यामुळे सांगताना जरा जास्तच लाज वाटते.

मोहल्ल्यात आम्ही पाच-सहा जणी मिळून राशन किटचं काम पाहतो. किराण्याची बिलं, कोणी कुठल्या गल्लीत जायचं, हे सगळं गुगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवलं होतं. रोज कुणाचा तरी फोन, "बाजी, उघडत नाही." कंटाळून मी फोल्डरला 'एनीवन विथ द लिंक' करून टाकलं आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. बिलंच तर होती! दहा दिवसांनी जकातीची यादी तयार झाली. नावं, पत्ते, भाडं किती थकलंय, औषधांना किती लागतात. तीही त्याच फोल्डरमध्ये ठेवली. यादी मी कुणाला पाठवली नव्हती, म्हणजे ती कुणाला दिसणार नाही, असा माझा हिशेब.

तसं नसतं. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या फाइलींनाही लागू होते, मागाहून टाकलेल्या फाइलीलासुद्धा. लिंक या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये गेली. माझ्या नववीतल्या एका मुलीला वर्गातच कुणीतरी तिच्या घराचं थकलेलं भाडं आकड्यासकट ऐकवलं. चार दिवस ती शाळेत आली नाही.

सूरह बकराच्या 271व्या आयतीत गरजूंना गुपचूप देणं अधिक चांगलं म्हटलं आहे. मी मात्र त्यांची गरजच चव्हाट्यावर मांडली होती.

ऑफिसात, शाळेत, बचत गटात असं फोल्डर असेल तर आजच त्याचं 'शेअर' बटण दाबून पाहा. कोणाकोणाला प्रवेश आहे, ते तिथे दिसतं. खाली 'रिस्ट्रिक्टेड' असेल, तर वरच्या यादीतल्यांनाच फोल्डर उघडतं. 'व्ह्यूअर' फक्त पाहू शकतो, 'कमेंटर' शेरा लिहू शकतो. 'एडिटर' मजकूर बदलू शकतो, आणि सेटिंगमध्ये बंद केलं नसेल तर तो परस्पर इतरांनाही प्रवेश देऊ शकतो! हे मलाही ठाऊक नव्हतं. काम सोडून गेलेल्यांची नावं काढून टाका. अर्थात कुणी आधीच फाइल उतरवून घेतली असेल, तर ती परत येत नाही.

आता यादीचं फोल्डर वेगळं आहे, 'रिस्ट्रिक्टेड', तिघींपुरतं. त्यात दोघी एडिटर, एक व्ह्यूअर. वाटपाच्या कागदावर नावं नाहीत, नुसते नंबर.

त्या मुलीच्या अम्मींकडे जाऊन मी माफी मागितली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला. किट मात्र दाराशीच बांधून ठेवलं होतं. निघताना ते माझ्या हातात दिलं.