एसएसडी महागली, पण जुन्या कीबोर्डला ती हवीय कुठे?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं की, सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँड ती बंद करतेय. कॉम्प्युटरमध्ये रॅम किंवा एसएसडी टाकून घेतलेल्या अनेकांना हे नाव माहीत असेल. कारण सरळ आहे: एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी चिप्स प्रचंड लागतायत आणि कंपन्यांना कमाई तिकडे दिसतेय. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी रॅम आणि एसएसडी महागल्या.

तेव्हापासून कीबोर्ड वाजवणारे मित्र मला एकच प्रश्न विचारतायत, "अजून महाग व्हायच्या आत एक मोठी एसएसडी घेऊन ठेवू का?" यातले बरेच जण ऑर्केस्ट्रात, लग्नात, गणपतीच्या कार्यक्रमांत वाजवतात. हाताशी असतं सेकंड हँड घेतलेलं जुनं वर्कस्टेशन: कॉर्ग ट्रायटन, यामाहा मोटिफ वगैरे. माझं उत्तर आहे, नको. पैसे वाया जातील, आणि कदाचित ड्राइव्ह चालणारच नाही.

किती जागा लागते?

कॉर्ग ट्रायटन आला १९९९ मध्ये. त्याची सॅम्पल मेमरी १६ एमबी, वाढवून ६४ एमबी. म्हणजे १ टीबीच्या ड्राइव्हवर ही पूर्ण भरलेली मेमरी सुमारे १५ हजार वेळा मावेल. एवढं करणार काय?

वेगाचंही तेच. यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे जेमतेम दीड एमबी. पोर्टच एवढा हळू असेल तर पुढे महागडी एसएसडी लावा नाहीतर साधा पेन ड्राइव्ह, गाणं तेवढ्याच वेळात लोड होणार.

पण स्टोरेज लागतंच. या पिढीच्या कीबोर्डमध्ये तुम्ही भरलेले सॅम्पल रॅममध्ये राहतात. लाइट गेली की ते गेले. कार्यक्रमाच्या मध्येच वीज गेली, तर ढोलकीचा तुमचा तो खास आवाज ड्राइव्हवरून पुन्हा लोड करावा लागतो. त्या क्षणी ड्राइव्ह उघडला नाही, तर त्या गाण्याचं काही खरं नाही.

मोठा ड्राइव्ह का चालत नाही?

तीन कारणं आहेत.

पहिलं, फॉरमॅट. जुन्या कीबोर्डला फॅट १६ किंवा फॅट ३२ ही पद्धत कळते. ३२ जीबीपेक्षा मोठे ड्राइव्ह आणि कार्ड बहुतेक वेळा एक्सफॅटमध्ये येतात. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. त्याआधी बनलेल्या कीबोर्डला ती माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

दुसरं, वीज. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. फिरणाऱ्या डिस्कच्या हार्ड ड्राइव्हला सुरू होताना यापेक्षा जास्त लागू शकते. पेन ड्राइव्हला फार कमी लागते.

तिसरं, कार्डची पिढी. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्यापुढे एसडीएक्ससी. तिन्ही दिसायला सारखीच, पण फक्त साधं एसडी ओळखणाऱ्या स्लॉटला पुढची कार्डं वाचता येत नाहीत.

मग घ्यायचं काय?

कीबोर्डच्या मागे काय आहे ते आधी बघा.

यूएसबी असेल तर ८ ते ३२ जीबीचा साधा, चांगल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह घ्या. आधी मॅन्युअलमध्ये मर्यादा वाचा.

फ्लॉपी असेल तर गोटेक नावाचं यंत्र बघा. फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी ते बसतं आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइल्स कीबोर्डला फ्लॉपी म्हणून दाखवतं. सोनीने फ्लॉपी विकणं २०११ मध्येच थांबवलं, त्यामुळे जुन्या फ्लॉपींवर भिस्त ठेवू नका. मात्र गोटेकवरची प्रत्येक 'फ्लॉपी'ही १.४४ एमबीचीच. ६४ एमबीला अशा ४५ लागतील. गाणी आणि सेटिंग्जसाठी ठीक, मोठ्या सॅम्पलसाठी वैताग.

ट्रायटनला स्कझी बोर्ड बसवलेला असेल तर ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखं सर्किट घ्या. ते एसडी कार्डला जुन्या हार्ड डिस्कचं रूप देतं. मोठ्या सॅम्पलसाठी हाच मार्ग.

२००१ च्या मोटिफमध्ये स्मार्टमीडिया कार्ड लागतं. ती कमाल १२८ एमबीची आणि आता बनत नाहीत. जुनी मिळाली तर दोन घेऊन ठेवा. त्यानंतरच्या मोटिफ ईएसला यूएसबीही आहे, तेच वापरा.

घेतल्यावर एवढं करा

नवा पेन ड्राइव्ह आधी तपासा. बाजारात ८ जीबीचा माल ६४ म्हणून विकणारे आहेत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधनं खरी जागा सांगतात. ही तपासणी फॉरमॅटच्या आधी करा.

फॉरमॅट शक्यतो कीबोर्डमध्येच करा. फोनवर केलंत तर कोणती पद्धत वापरली जाईल ते फोनवर अवलंबून.

फाइल्सना छोटी इंग्रजी नावं द्या, आठ अक्षरांच्या आत. देवनागरी नाव जुन्या स्क्रीनवर दिसणार नाही. कॉर्गच्या पीसीजी, एसएनजी, केएससी या फाइल्स एकत्रच ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकाच मालाचे दोन ड्राइव्ह ठेवा, एक कीबोर्डच्या बॅगेत, एक घरी. ओटीजी अडॅप्टर लावून तेच फोल्डर फोनवर आणि तिथून क्लाउडवर टाका. काही एमबीचा मामला आहे, तुमच्या रोजच्या रील्सपेक्षा कमी डेटा जाईल. मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कीबोर्ड बंद करून, दुसऱ्या ड्राइव्हवरून सगळं लोड होतंय का ते एकदा वाजवून बघा.