हिंगोलीची वेधशाळा ऐकेल, पाहणार कोण?

हिंगोली - औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. मात्र विश्वातील स्फोटक घटना समजण्यासाठी लहरी टिपणे पुरेसे नाही. क्ष-किरणांतील चढउतारही तितकेच महत्त्वाचे आहेत.

काही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेल्या महाकाय कृष्णविवराजवळून जवळपास प्रकाशवेगाने द्रव्याचे झोत सुटतात. झोत पृथ्वीच्या रोखाने असल्यास त्या दीर्घिकेस 'ब्लेझार' म्हणतात. सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवरील मार्केरियन ४२१ ची क्ष-किरणांतील तेजस्विता काही तासांतच बदलते. प्रकाश तासाभरात सुमारे १०८ कोटी किलोमीटर जातो. त्यामुळे बदलाच्या कालावधीवरून, झोताचा वेग हिशेबात धरून, स्रोताच्या आकाराची कमाल मर्यादा काढता येते. दुर्बिणीला न दिसणाऱ्या भागाचे माप असे घड्याळ देते. २०१५ मध्ये सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या उपकरणांनी असे अभ्यास शक्य केले.

या महाकाय कृष्णविवरांच्या अतिमंद लहरी 'लायगो'च्या टप्प्याबाहेर आहेत. परंतु दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातूनही तसाच झोत निघतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा मीलनाच्या लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट दिसला. क्ष-किरण मात्र नऊ दिवसांनी आढळले. त्या क्षणी 'ॲस्ट्रोसॅट' आणि स्रोत यांच्या मधे पृथ्वी आली होती.

एकच उपग्रह असण्याची ही मर्यादा आहे. शिवाय 'ॲस्ट्रोसॅट'चे पाच वर्षांचे अपेक्षित आयुष्य २०२० मध्येच पूर्ण झाले. १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेला 'एक्स्पोसॅट' क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजतो. संपूर्ण आकाशावर पहारा ठेवणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवणाऱ्या 'दक्ष' मोहिमेचा प्रस्ताव मुंबई आयआयटीच्या पुढाकाराने मांडण्यात आला आहे.

हिंगोलीची भर पडल्यावर लहरींचा उगम आकाशात कोठे आहे, हे अधिक अचूकपणे सांगता येईल. तेव्हा तेथे रोखण्यास स्वतःची दुर्बीण नसेल, तर पुढील निरीक्षणांसाठी देशाला इतरांच्या दुर्बिणींवर विसंबावे लागेल. वेधशाळेइतकाच निर्णय अवकाशातील पहाऱ्याबाबतही वेळेत होणे आवश्यक आहे.