नकाशा तयार आहे, औषध कुठे आहे?

आज १९ जून, जागतिक सिकलसेल दिन. सकाळपासून टाइमलाइनवर रॅली, बॅनर आणि दीपप्रज्वलनाचे फोटो फिरताहेत. चांगलं आहे, जनजागृती व्हायलाच हवी. पण मला आज थोडं वेगळं बोलायचंय. पोस्ट लांब आहे. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मित्रांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मी कॉलेजात जनुकशास्त्र शिकवतो. 'मॉलिक्युलर मॅपिंग' म्हणजे जनुकांचा रेणूपातळीवरचा नकाशा. हा भाग आला की माझं उदाहरण ठरलेलं असतं, सिकलसेलचं. कारण या शास्त्राचे कितीतरी टप्पे याच आजाराच्या रुग्णांच्या रक्तावर पार पडलेत.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे सात-आठ वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅमने नेमकी जागा सांगितली: बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं. एवढ्याशा चुकीमुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस वेदनेने तळमळतो.

मग नकाशाचं काम सुरू झालं. डीएनए कापणारी काही एन्झाइम असतात, ठरावीक अक्षरं आली की तिथेच कापणाऱ्या कात्र्या म्हणा. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत युएट वाय कॅन आणि आंद्रे डोझी यांनी अशी एक कात्री वापरली. बहुतेकांमध्ये बीटा ग्लोबिनचं जनुक असलेला तुकडा साधारण ७.६ हजार अक्षरांचा निघत होता. त्यांनी तपासलेल्या आफ्रिकन वंशाच्या रुग्णांत सिकलच्या जनुकासोबत तो बऱ्याचदा १३ हजारांचा निघाला. म्हणजे दोष प्रत्यक्ष न बघता शेजारच्या खुणेवरून तो ओळखता आला. आपण नाही का पत्ता सांगताना 'वडाशेजारचं घर' म्हणतो, तसंच. अशाच खुणा पेरत गेलं तर माणसाच्या सगळ्या जनुकांचा नकाशा काढता येईल, हा विचार पुढच्या दोन-तीन वर्षांत जोर धरू लागला. आणि कोविडमुळे घराघरात पोचलेली ती पीसीआर? १९८५ मध्ये ती पहिल्यांदा शोधनिबंधात छापून आली, तीही सिकलसेलच्या निदानासाठीच.

गेल्या वर्षी हे सगळं शिकवून झालं आणि वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, एवढं सगळं इतक्या वर्षांपासून माहीत आहे, तर माझ्या भावाच्या कॅप्सूलसाठी दर महिन्याला जिल्ह्याला का जावं लागते? आणि तिथंही कधी असते, कधी नसते."

तिचा भाऊ एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेलग्रस्त. ती स्वतः एएस, म्हणजे वाहक. तिचं कार्ड आईने पेटीत तळाशी ठेवलंय. सोयरीक मोडू नये म्हणून.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण प्रश्न कुणाला विचारायचा, ते कळलंय.

नकाशामुळे औषध तयार होतं, यात शंका नाही. जन्माआधी बाळाच्या रक्तात असणारं गर्भ-हिमोग्लोबिन काही लोकांत मोठेपणीही टिकून राहतं आणि त्यांना सिकलचा त्रास कमी होतो. ते कशामुळे, याचा शोध संपूर्ण जनुकसंचाच्या मॅपिंगमधून घेतला गेला आणि बीसीएल११ए हे जनुक सापडलं. त्यावर बेतलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्या तालुक्यांत ते नाव घेण्यातसुद्धा अर्थ नाही.

पण तेच गर्भ-हिमोग्लोबिन वाढवणारं जुनं, स्वस्त औषध आहे: हायड्रॉक्सीयुरिया. मधूनमधून रक्ततपासणी करत नियमित घेतलं तर बहुतेक रुग्णांच्या वेदनेच्या वाऱ्या कमी होतात. यात रॉकेट सायन्स काहीही नाही. फक्त ते पीएचसीत दर महिन्याला मिळायला हवं, आणि रक्ताची तपासणीही तिथेच व्हायला हवी.

आता यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो.' हाही नकाशातूनच आला. जनुकाभोवतीच्या खुणांवरून या बदलाचे काही प्रकार ठरवले गेले: सेनेगल, बेनिन, बांटू, आणि आपल्याकडचा अरब-भारतीय. या अरब-भारतीय प्रकारात गर्भ-हिमोग्लोबिन सरासरीने जास्त असतं, हे खरं. पण सरासरी म्हणजे प्रत्येक पेशंट नव्हे. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदी वाचा. पुन्हा पुन्हा भरती होणारी, रक्त चढवावं लागणारी मुलं त्यात आहेत. खुणेवरून घर सापडतं हो, पण घरातल्या माणसाचे हाल कळायला दार वाजवावंच लागतं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ चं उद्दिष्ट, सात कोटी लोकांची तपासणी. मी या मोहिमेच्या विरोधात अजिबात नाही. उन्हातान्हात फिरून बोटाचं रक्त घेणाऱ्या आशाताईंना तर सलाम. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. किती तपासले, किती कार्डं वाटली, हे अभिमानाने सांगितलं जातं. सापडलेल्यांपैकी किती जणांना सलग वर्षभर औषध मिळालं, हा आकडा बॅनरवर का नसतो?

आणि कार्डाचं काय? वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहकाचं लग्न सामान्य पॅटर्नच्या व्यक्तीशी झालं तर एकही मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, आणि तेव्हाही गर्भजल वा वारेच्या नमुन्यावरून वेळेत निदान करता येतं. हे गणित समजावून न सांगता नुसतं कार्ड हातात दिलं तर त्याचं काय होतं? मुलाचं कार्ड कुणी विचारत नाही, मुलीचं मात्र सगळं गाव विचारतं. विज्ञानाचा नकाशा सोयरिकीच्या बाजारात मुलीवरचा शिक्का होतो.

शिवाय सगळ्यांनी कार्ड जुळवून लग्न केलं, तरी आज जन्माला आलेल्या मुलांचं काय? 'निर्मूलन' आजाराचं करायचंय, पेशंटला विसरून नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बाधित तालुक्यांत प्रत्येक नवजात बाळाची तपासणी, आणि सापडलेल्या बाळाला लगेच पेनिसिलिन व न्यूमोकोकलची लस. हायड्रॉक्सीयुरिया पीएचसीत, बाराही महिने. समुपदेशन मुलामुलींचं एकत्र, कॉलेजातच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी हेलपाटे बंद. आणि दर तीन महिन्यांनी तालुकावार औषधसाठ्याचा आकडा जाहीर.

ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभं राहिलं, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. उपकार नाही, देणं आहे ते.

आज कार्यक्रमाला गेला असाल तर मंचावरच्या साहेबांना एवढंच विचारा: आपल्या पीएचसीत आज हायड्रॉक्सीयुरिया आहे का? आणि जे उत्तर मिळेल, ते गावाच्या नावासकट खाली लिहा. पुढच्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीला मी ते वाचून दाखवणार आहे.