तळ दिसला पाहिजे

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें घरांत एक विचार मांडला. गांवच्या वाडीमागील पडीक जागेंत मुलांना पोहण्यासाठीं व सूर मारण्यासाठीं तळें बांधावें, आणि त्यांत क्लोरीन न टाकतां केवळ वनस्पतींच्या साह्यानें पाणी निर्मळ राखावें. मुलें हर्षभरित झालीं. आम्हीं मात्र प्रथम नकार दिला. त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, मे महिन्याच्या सुटींत, आमचा एक विद्यार्थी विहिरींत पोहावयास उतरला. पाण्यांत दहाबारा जण होते, कांठावर मोठीं माणसें होतीं. मुलगा बुडाला हें कोणाच्याहि लक्षांत आलें नाहीं. आलें तेव्हां तो सांपडेना, कारण पाणी शेवाळानें हिरवेंगार झालें होतें. तो एका कोपऱ्यांत तळाशीं होता आणि पट्टीचे पोहणारे त्याला दुसऱ्या कोपऱ्यांत शोधीत होते. तेव्हांपासून आमचें मत असें कीं, पोहण्याच्या पाण्याची निर्मळता ही शोभेची बाब नसून प्राणरक्षणाची आहे. पुतण्याचा आग्रह सुटेना, तेव्हां आम्हीं एकच अट घातली : तळ दिसला पाहिजे.

पाणी हिरवें कां होतें? शेवाळाला अन्न मिळतें म्हणून. त्या अन्नांतील कळीचें द्रव्य म्हणजे फॉस्फरस. अशा तळ्यांसाठीं जर्मनींत जे दंडक आहेत, त्यांत एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक फॉस्फरस नसावा असें म्हटलें आहे. म्हणजे लाख लिटर पाण्यांत अवघा एक ग्रॅम!

बांधणीचे सारे नियम यांतूनच निघतात. तळ्याचे दोन भाग करावे : एक पोहण्याचा, दुसरा जवळजवळ तितक्याच विस्ताराचा, पण उथळ आणि मातीऐवजीं धुतलेल्या खडीनें भरलेला. खडींत पाणकणीस, वाळा अशा वनस्पति लावाव्या व लहान पंपानें पाणी तिच्यांतून फिरवीत राहावें. खडीवर वाढणारे सूक्ष्म जीव घाण पचवितात आणि वनस्पति शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. वाढलेली पात वेळोवेळीं कापून दूर न्यावी; नाहीं तर शोषलेलें सर्व कुजून परत पाण्यांत येतें. कांठ उंच ठेवावा, म्हणजे पावसाबरोबर शेणमाती आंत वाहून येत नाहीं. मासे सोडूं नयेत. त्यांची विष्ठा हें शेवाळाचें खतच होय. स्वित्झर्लंडांत बाझलजवळील रीहेन येथें २०१४ मध्यें उघडलेला सार्वजनिक स्नानतलाव याच तत्त्वावर बांधलेला असून, त्याचीं गाळणकुंडें रस्त्यापलीकडील उतारावर आहेत. दिवसाला २,००० माणसांची सोय त्यांत योजिली आहे.

घरांतील लेकीसुनांना कमळें हवीं होतीं. आम्हीं म्हटलें, संस्कृतांत कमळाला पंकज म्हणतात तें उगीच नव्हे. त्याला चिखल हवा, आणि आपणांस तोच नको आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. डोकें खालीं करून सूर मारावयाचा तर निदान नऊ फूट पाणी असावें, असें अमेरिकन रेडक्रॉस सांगते. येथें मात्र निर्मळ पाणीच डोळ्यांस फसवितें. प्रकाशकिरण वांकत असल्यामुळें, सरळ वरून पाहतां पांच फूट पाणी पावणेचार फूटच भासतें. आणि चार फूट उंचीचें मूल ‘पाय टेकतील’ म्हणून निर्धास्त उतरतें. म्हणून भिंतीवर खोलीचे ठळक आंकडे रंगविले.

आणखी एक इशारा. वनस्पति क्लोरीनप्रमाणें रोगजंतूंचा हमखास नाश करीत नाहींत. केरळांत २०२४ व २०२५ मध्यें गोड्या पाण्यांतील अमीबा नाकावाटे मेंदूंत शिरून कांहीं मुलें दगावलीं. त्या जीवाला उबदार पाणी मानवतें. थंड देशांतील युक्ति आपल्याकडे जशीच्या तशी उतरत नाहीं. आम्हीं तळ्यावर सावली केली व नाकाला चिमटा लावल्यावांचून उडी नाहीं असा नियम केला. यानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. ज्यांस तेवढाहि नको असेल, त्यांनीं क्लोरीनचा मार्ग धरावा.

इटलीचे ज्योतिर्विद पाद्री आंजेलो सेक्की यांनीं १८६५ मध्यें समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठीं पाण्यांत पांढरी तबकडी सोडली होती. त्यांच्या अनुकरणानें आम्हीं सर्वांत खोल जागीं एनॅमलची जुनी पांढरी थाळी ठेवली. कुंपणाच्या दाराची किल्ली वहिनींकडे असते. रोज सकाळीं त्या थाळी पाहतात आणि मगच कुलूप काढतात. त्यानंतरहि, स्वतः न पोहणारें एक मोठें माणूस कांठावर बसलेंच पाहिजे.

जूनच्या पहिल्या पावसांत थाळी चार दिवस दिसेनाशी झाली. मुलें रुसलीं. पुतण्याहि म्हणाला, “आई, पोरें तरबेज आहेत, वरच्यावर पोहतील.” वहिनी म्हणाल्या, “थाळी दिसूं दे, मग किल्ली.” पांचव्या दिवशीं ती दिसली. मुलांनीं धडाधड उड्या घेतल्या, आणि आम्ही कांठावर बसून पाण्याखालचें एकेक डोकें मोजीत राहिलों. सारीं डोकीं दिसत होतीं.