विश्लेषण : घोड्याला शिरेतून प्रतिजैविक देताना अंदाज का चालत नाही?

वडाळ्याशेजारच्या परळमधील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला जुने मुंबईकर आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. शहरातील बैलगाड्या गेल्या. घोडागाड्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला. तरीही महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, लग्नाच्या वरातीत आणि माथेरानच्या वाटांवर घोडे आहेतच. त्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाला की प्रतिजैविक अनेकदा शिरेतून द्यावे लागते. त्याची मात्रा ठरते वजनावरून, आणि वजन मात्र बऱ्याचदा नुसते नजरेने ठरवले जाते.

वजनावर एवढे काय अवलंबून?

जेंटामायसिन हे नेहमीचे उदाहरण. प्रौढ घोड्याला ते सहसा दर किलोमागे ६.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. म्हणजे ५०० किलोच्या शर्यतीच्या घोड्याला ३,३०० मिलिग्रॅम, तर २५० किलोच्या तट्टाला १,६५० मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम औषध असेल, तर पहिल्याला ८२.५ मिलिलिटर लागते आणि दुसऱ्याला साधारण ४१. बाटलीवरील प्रमाण वेगळे असेल तर हा हिशेबही बदलतो.

मात्रा चुकली तर?

जेंटामायसिनचा परिणाम रक्तातील त्याची पातळी किती उंच जाते यावर असतो. मात्रा कमी पडली तर संसर्ग हटत नाही आणि औषधाला दाद न देणारे जंतू उरतात. जास्त झाली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. घोड्याच्या अंगातील पाणी कमी झाले असेल किंवा फ्लुनिक्सिनसारखे वेदनाशामक सुरू असेल, तर हा धोका वाढतो.

पेनिसिलिनचे गणित निराळे आहे. ते रक्तात सतत टिकावे लागते. म्हणून शिरेतून द्यायचे पेनिसिलिन सहसा दर किलोमागे २२,००० युनिट, दर सहा तासांनी देतात. तेथे रात्रीचा डोस चुकवणे हेही कमी औषध देण्यासारखेच.

काटा नसेल तर वजन कसे काढायचे?

साधी मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये हवीत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७ केले की वजन किलोत मिळते. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर वजन सुमारे २४६ किलो. हाच घोडा नजरेने २०० किलोचा धरला, तर औषध जवळपास एक पंचमांशाने कमी पडेल. हे सूत्र प्रौढ घोड्यांसाठी आहे. शिंगरांचे वजन आणि औषधाची मात्रा दोन्ही वेगळ्या पद्धतीने ठरवावी लागतात.

शिरेत टोचताना धोका कोणता?

दुधासारखे पांढरे प्रोकेन पेनिसिलिन फक्त स्नायूत द्यायचे असते. ते शिरेत गेले तर घोडा बेभान होतो, कोसळतो, दगावूही शकतो. मानेतील मोठ्या शिरेजवळूनच मेंदूकडे जाणारी धमनी असते. सुई तिच्यात शिरली तर घोड्याला झटके येऊ शकतात. म्हणून हे काम पशुवैद्यकाचेच आहे.

मग करायचे काय?

परळमध्येच १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे ज्ञानाची वानवा नाही. ते तबेल्यापर्यंत पोहोचत नाही, ही अडचण आहे. औषधाच्या चिठ्ठीवर घोड्याचे वजन, दर किलोची मात्रा, बाटलीतील प्रमाण आणि एकूण मिलिलिटर या चार गोष्टी लिहिणे बंधनकारक व्हावे. जेथे घोड्यांना कामाचे परवाने दिले जातात, तेथे वजनकाटा किंवा निदान मोजपट्टी असावी. एका घोड्यावर घर चालवणाऱ्या अश्वपालकाला त्याचे मूत्रपिंड निकामी होणे परवडणारे नाही. आणि अपुऱ्या औषधाने निर्ढावलेले जंतू तबेल्यातच थांबतील, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.