पसंतीक्रम कुणी लावायचा?

दहावीच्या निकालाचे पेढे संपायच्या आत घराघरांत पुढचा प्रश्न उभा राहतो: अकरावीला कुठे? अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरते होते. २०२५पासून ते राज्यभर लागू झाले आणि तालुक्याच्या गावातल्या पालकांसमोरही दहा पसंतींचा अर्ज आला. या अंकाचा विषय आम्ही त्यामुळेच निवडला.

सगळं गुणांवरच ठरतं, मग मार्गदर्शन कशाला, असं कुणी विचारेल. गुणांचं वजन आम्ही नाकारत नाही. पण पसंतीचा क्रम विद्यार्थ्याच्या हाती असतो. वरच्या पसंतीला गुण कमी पडले तर खालच्या पसंतीचा विचार होतोच, तेव्हा मनातलं महाविद्यालय वर लिहायला बिचकू नये. मात्र पहिली पसंती मिळूनही प्रवेश नाकारला, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. नुसत्या नावाला भुलून, रोज दोन एसटी बदलाव्या लागतील असं महाविद्यालय पहिलं लिहिणं म्हणून महागात पडतं. पंधराव्या वर्षी मुलांना काय कळतं, हा दुसरा आक्षेप. फी, अंतर, उपलब्ध विषय, अनुदानित की विनाअनुदानित, हे पालकांनी समोर मांडलं तर त्यांना पुष्कळ कळतं. क्रम मग त्यांनीच लावावा.

कोटा, दाखले आणि फेऱ्यांविषयीचे लेख आत आहेत. तुमच्या घरी यादी कुणी लिहिली, कशावरून वाद झाला, हे आम्हाला जरूर कळवा. विद्यार्थ्यांची पत्रं आम्ही आधी छापू.